डॉन रन : गोल्ड कप जिंकणारी घोडी आणि ओतयचा प्रश्न

किल्केनीकर

डॉन रन ही आयर्लंडची कुमैत घोडी २७ जून १९८६ रोजी पॅरिसच्या ओतय रेसकोर्सवर अडथळा ओलांडताना कोसळली, तिची मान मोडली आणि ती जागच्या जागी गेली. तेव्हा ती अवघी आठ वर्षांची होती. त्याच वर्षी १३ मार्चला तिने इंग्लंडातल्या चेल्टनहॅम रेसकोर्सचा गोल्ड कप जिंकला होता. मी राहतो त्या किल्केनी परगण्यात त्या विजयाविषयी म्हातारी माणसे आजही भरभरून बोलतात, कारण तिची पागा याच परगण्यातल्या गोर्सब्रिजजवळची, प्रशिक्षक पॅडी मुलिन्स यांची. मराठीत तिच्याविषयी सलग लिहिलेले मला कुठे आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यती पाहणाऱ्यांना सपाट धावेची सवय असते, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी देतो. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये उड्यांच्या शर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. हर्डल म्हणजे साधारण साडेतीन फूट उंचीचे, टाप लागली तर झुकणारे हलके कुंपण, जे चांगला घोडा वेग न मोडता ओलांडतो. स्टीपलचेसच्या फेन्स मात्र किमान साडेचार फूट उंच असतात, फांद्या घट्ट बांधून केलेल्या असतात आणि चुकीला क्षमा करत नाहीत. हर्डलमध्ये चपळाई लागते, तर फेन्सवर उडीचा अंदाज, ताकद आणि तीन मैलांहून अधिक पुरणारा दम लागतो. म्हणूनच हर्डलमधला सर्वोच्च किताब, चॅम्पियन हर्डल, आणि स्टीपलचेसमधला सर्वोच्च किताब, गोल्ड कप, हे दोन्ही जिंकणारा घोडा इतिहासात एकच झाला, आणि ती घोडी होती.

डॉन रन १९७८ साली जन्मली. डीप रन हा तिचा बाप आणि ट्वायलाइट स्लेव्ह ही आई. बॉल्सब्रिजच्या लिलावात ५,८०० गिनींना ती चार्मियन हिल यांनी घेतली. या बाईंविषयी लिहावे तेवढे थोडेच. साठी उलटल्यावरही त्या स्वतः शर्यतीत उतरत असत, आणि डॉन रनच्या पहिल्या तीन शर्यतींत खोगिरावर त्याच होत्या. तिसऱ्या शर्यतीत, १९८२ च्या उन्हाळ्यात ट्रली येथे, घोडीने आपला पहिला विजय मिळवला, तो मालकिणीलाच पाठीवर घेऊन. त्यानंतर वयाचे कारण देऊन हिल यांचा स्वारीचा परवाना थांबवण्यात आला. ज्या घोडीवर आपण स्वतः बसून जिंकलो तिच्या बाबतीतला कोणताही निर्णय ही मालकीण इतरांवर सोडणार नव्हती, हे पुढच्या सगळ्या घटना वाचताना लक्षात ठेवावे असे मला वाटते.

१९८४ हे वर्ष तिचे होते. आयर्लंडची, इंग्लंडची आणि फ्रान्सची अशा तिन्ही देशांच्या चॅम्पियन हर्डल तिने एकाच वर्षात जिंकल्या, आणि असे करणारी ती पहिली ठरली. इंग्लंडातली चॅम्पियन हर्डल जिंकणारी ती केवळ दुसरी मादी होती; पहिली आफ्रिकन सिस्टर, १९३९ सालची. त्या नोव्हेंबरात नॅव्हनला तिने पहिली स्टीपलचेसही जिंकली, परंतु तिथेच पायाला दुखापत झाली आणि ती वर्षभर मैदानाबाहेर राहिली.

डिसेंबर १९८५ मध्ये ती परतली आणि जिंकू लागली. जानेवारीत चेल्टनहॅमला सरावाच्या शर्यतीत तिने एका फेन्सवर घोटाळा केला आणि स्वार टोनी मुलिन्स, म्हणजे प्रशिक्षकांचा मुलगा, खाली पडला. त्याने पुन्हा स्वार होऊन शर्यत पूर्ण केली. घोडी घरी रोज ज्याच्या हाताखाली होती, तिच्या लहरी ज्याला तोंडपाठ होत्या, त्या टोनीला बाजूला करून गोल्ड कपसाठी हिल यांनी जॉन्जो ओनील यांना बसवले. १९८४ च्या चॅम्पियन हर्डललाही असेच झाले होते.

गोल्ड कपला ती उतरली तेव्हा फेन्सवरची ती तिची जेमतेम पाचवी शर्यत होती. बावीस फेन्स, सव्वातीन मैल आणि शेवटी चेल्टनहॅमची ती चढण. ती सुरुवातीपासून रन अँड स्किप या घोड्याशी आघाडीसाठी भांडत राहिली. पाण्याच्या खड्ड्यावर तिची मागची टाप चुकली. शेवटून दुसऱ्या फेन्सनंतर वेवर्ड लॅड आणि आदल्या वर्षीचा विजेता फरगिव्ह अँड फरगेट या दोघांनी तिला मागे टाकले. शेवटची फेन्स ओलांडून चढणीला लागताना ती हरलेलीच दिसत होती. ओनील यांनी तिला बाहेरच्या बाजूला घेतले, आणि थकलेला वेवर्ड लॅड तिरका जाऊ लागला तसतशी ती एकेक ढांग भरून काढू लागली. त्या क्षणी बीबीसीचे समालोचक पीटर ओसलिव्हन यांच्या आवाजात जो पालट झाला तो आयर्लंडात लहान मुलांनाही ठाऊक आहे. एका घोड्याच्या लांबीने ती जिंकली. वेळ ६ मिनिटे ३५.३ सेकंद, त्या अंतराचा तेव्हाचा विक्रम. विजयानंतर पॅडॉकमध्ये लोकांचा लोट आत घुसला, आणि त्या गर्दीत ओनील यांनी टोनी मुलिन्सला खांद्यावर उचलून घेतले. स्वतःचा सर्वांत मोठा विजय ज्याच्या जागी बसून मिळाला त्याला त्याच क्षणी लोकांसमोर असा मान देणारा स्वार मी दुसरा ऐकलेला नाही.

आता ज्या प्रश्नासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो. गोल्ड कपनंतर एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर ती पहिल्याच फेन्सवर पडली. त्याच महिन्यात पंचेसटाउनला दोन मैलांच्या चॅम्पियन चेसचा विजेता बक हाउस याच्याशी तिची समोरासमोर लढत लावली गेली. टोनी मुलिन्स पाठीवर होता आणि ती जिंकली. जूनमध्ये तिला पुन्हा फ्रान्सला नेले. ओतयला आधी एका शर्यतीत ती दुसरी आली आणि नंतर १९८४ मध्ये जिंकलेल्या त्याच मोठ्या हर्डलमध्ये, ५,१०० मीटरच्या शर्यतीत, फ्रेंच स्वार मिशेल शिरोल याच्यासह ती शेवटच्या फेरीत पडली. माझे मत स्पष्ट आहे: गोल्ड कपच्या त्या चढणीवर जिने सगळे दिले, एन्ट्रीला जी पडली, तिला त्या उन्हाळ्यात कुरणावर सोडायला हवे होते. तिची आठवण काढताना तिचे मरण केवळ दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही.

रविवारची_महालक्ष्मी

किल्केनीकर, लेख मनापासून आवडला. एक मुद्दा मात्र मांडतो, कारण तो सांगितल्यावाचून गोल्ड कपचे चित्र पुरे होत नाही. डॉन रनच्या पाठीवर ११ स्टोन ९ पौंड वजन होते आणि वेवर्ड लॅडवर १२ स्टोन (एक स्टोन म्हणजे १४ पौंड). म्हणजे मादी म्हणून तिला पाच पौंडांची सूट होती. तीन मैलांच्या शर्यतीत एक पौंड म्हणजे सुमारे एक लांबी, असा हँडिकॅप करणाऱ्यांचा, म्हणजे घोड्यांवरची वजने ठरवणाऱ्यांचा, ठोकताळा असतो. त्या हिशेबाने सारख्या वजनावर वेवर्ड लॅड जिंकला असता असे म्हणणारे लोक होते आणि आहेत. मला तिचे श्रेय कमी करायचे नाही, परंतु शर्यतीविषयी बोलताना वजन वगळले तर आपण केवळ कथा सांगत राहतो.

किल्केनीकर

वजनाचा मुद्दा रास्त आहे आणि तो इथे आला हे बरे झाले. त्याला दोन गोष्टी जोडतो. पहिली अशी की सूट नियमाने होती, मागून घेतलेली नव्हती, आणि ती नर-मादीच्या ताकदीतला ठाऊक असलेला फरक भरून काढण्यासाठीच आहे. दुसरी अशी की तिच्याआधी गोल्ड कप जिंकणाऱ्या माद्या तीनच, १९२५ सालची बॅलिनोड, १९५८ सालची कर्स्टिन आणि १९७२ सालची ग्लेनकॅरेग लेडी, आणि तिच्यानंतर सूट कायम असूनही आजवर एकही नाही. पाच पौंडांनीच हे साधत असते तर ही यादी लांबली असती. शिवाय ती पाचव्याच स्टीपलचेसमध्ये होती, तर वेवर्ड लॅड फेन्सवर मुरलेला घोडा होता. त्या अननुभवाचे ओझे तराजूत कुठे घालायचे?

अश्ववैद्य

मी घोड्यांवर उपचार करते, म्हणून पडण्याविषयी थोडे लिहिते, कारण अशा धाग्यांवर हळहळ पुष्कळ असते आणि घडते काय ते फारसे कुणी सांगत नाही.

शर्यतीतल्या घोड्याचे वजन साधारण पाचशे किलो असते. हा भार पूर्ण वेगात अडथळ्याला पुढच्या पायांनी अडखळला तर मागचा भाग वरून पुढे येतो. डोके आणि मान आधी जमिनीला लागली तर सगळे वजन मानेच्या मणक्यांवर येते. मणका मोडून मज्जारज्जू मानेच्या वरच्या भागात तुटला तर मरण फार लवकर येते. डॉन रनचे मरण या प्रकारचे होते, आणि तिला वेदना भोगाव्या लागल्या नसाव्यात, एवढे तरी वैद्यकाच्या आधारे म्हणता येते.

पाय मोडला की घोड्याला का मारावे लागते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला स्नायू नसतात; कातडी, कंडरा आणि हाड एवढेच असते, रक्तपुरवठा बेताचा असतो आणि मोडलेल्या हाडाचे टोक सहज कातडीबाहेर येते. माणसासारखे त्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवता येत नाही, कारण पडून राहिला तर त्याच्या फुफ्फुसांवर, स्नायूंवर आणि आतड्यांवर परिणाम होतो. उभा ठेवला तर मोडक्या पायाचा भार दुसऱ्या पायावर येतो आणि त्या खुराच्या आतले आवरण सुजून सुटू लागते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेतील बार्बारो हा केंटकी डर्बीचा विजेता मे २००६ मध्ये पाय मोडून घेऊन मैदानाबाहेर आला. उत्तमोत्तम शल्यचिकित्सकांनी आठ महिने झुंज दिली, हाड बरेचसे जुळले, तरी जानेवारी २००७ मध्ये इतर पायांच्या लॅमिनायटिसमुळे त्याला निरोप द्यावा लागला. त्याच्यासाठी पैसा, ज्ञान, माया यांपैकी काहीच कमी पडले नव्हते.

ओतयच्या अडथळ्यांविषयीही एक सांगायला हवे. ते ब्रिटिश हर्डलसारखे झुकणारे नसतात. ती जमिनीत घट्ट बसवलेली झाडोऱ्याची कुंपणे असतात, त्यांच्या वरच्या भागातून घोडा घासत जाऊ शकतो, परंतु खालचा भाग कडक असतो. दमलेल्या घोड्याने पाय थोडे जरी कमी उचलले तरी फरक पडतो. किल्केनीकरांनी थकव्याचा मुद्दा मांडला आहे, त्याकडे मी याच दृष्टीने पाहते.

मालतीनंदन

मला या चर्चेत एक अडचण वाटते आणि ती मी नम्रपणे मांडतो. चार्मियन हिल यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, परंतु १९८४ मध्ये हीच घोडी उन्हाळ्यात ओतयला नेली होती, तीही अशाच लांब हंगामानंतर, आणि तेव्हा ती जिंकली म्हणून सगळ्यांनी तो निर्णय धाडसाचा ठरवला. तोच निर्णय दोन वर्षांनी घेतला आणि घोडी पडली, म्हणून तो हट्ट ठरला. निकाल पाहून निर्णयाला नाव देणे न्यायाचे नाही. त्या बाईंनी तिला विकत घेतली, तिच्यावर स्वतः बसल्या, तिच्यासाठी लोकांचा रोष पत्करला. १९९० साली त्या वारल्या. त्यांचे त्या घोडीवर प्रेम नव्हते असे कुणीही म्हणणार नाही.

किल्केनीकर

मालतीनंदन, प्रेम होते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा आक्षेप प्रेमावर नाहीच. १९८४ आणि १९८६ सारखे नव्हते, एवढेच माझे म्हणणे आहे. १९८४ ची डॉन रन सहा वर्षांची, धडधाकट, हर्डलवरच धावणारी घोडी होती. १९८६ ची डॉन रन जवळजवळ वर्षभराच्या दुखापतीतून उठलेली, मधल्या काळात मोठ्या फेन्सवर वेगळ्या पद्धतीने उडी मारायला शिकलेली, आणि जानेवारीपासून चेल्टनहॅम, पुन्हा चेल्टनहॅम, एन्ट्री, पंचेसटाउन आणि ओतय असा प्रवास केलेली होती. त्यात एकदा स्वार पडला होता आणि एकदा ती स्वतः. निकाल ठाऊक नसतानाही ही यादी एप्रिलच्या अखेरीस कुणालाही दिसत होती.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. ती मादी होती. कुरणावर सोडली असती तर तिला शिंगरे झाली असती. अनेक विजेते नर खच्ची केलेले असतात, त्यांच्या बाबतीत शर्यत संपली की वंशाचा प्रश्नच उरत नाही. डॉन रनच्या बाबतीत तो होता. ती मागे एकही पिल्लू न ठेवता गेली.

लीड्सची_माधुरी

मी वीसेक वर्षे यॉर्कशरमध्ये राहते, आजूबाजूला घोड्यांचीच माणसे आहेत, तरीही मी उड्यांच्या शर्यती पाहत नाही. तुमच्यापैकी कुणाचे मन दुखवायचा हेतू नाही. मला एवढेच विचारायचे आहे की ज्या खेळात असे मरण ठरावीक काळाने येतच राहते, त्यात एका घोडीच्या मरणाला चुकीचा निर्णय म्हणणे आणि बाकीच्या मरणांना खेळाचा भाग म्हणणे, ही रेघ आपण कुठे ओढतो? १९८६ च्या त्या गोल्ड कपमधला तिसरा घोडा, फरगिव्ह अँड फरगेट, १९८८ च्या गोल्ड कपमध्ये पाय मोडून मेला. तो तर वर्षातून एकदा होणाऱ्या, त्याच्यासाठीच असलेल्या शर्यतीत धावत होता. तिथे कुणाचा हट्ट होता?

किल्केनीकर

माधुरीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही आणि मी ते असल्याचा आव आणणार नाही. मी या शर्यती पाहतो. या घोड्यांना जवळून पाहिले की त्यांना धावण्याची आणि उडी मारण्याची किती ओढ असते ते दिसते; स्वार पडल्यावरही कित्येक घोडे बाकीच्यांबरोबर उड्या मारत राहतात. मात्र ओढ आहे म्हणून धोका माहीत असूनही तो पत्करायला त्यांनी होकार दिला, असे म्हणणे चूक आहे. होकार आपण देतो, त्यांच्या वतीने. म्हणूनच किती धावायचे, केव्हा थांबायचे, अडथळा कसा बांधायचा, या प्रत्येक बाबतीत आपल्यावर जास्त जबाबदारी येते. माझी रेघ तिथे आहे. ती तुमच्या रेघेच्या अलीकडची आहे हे मला मान्य आहे.

जॉन्जो ओनील यांचेच पाहा. पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि २०१२ साली त्यांच्याच पागेतल्या सिंक्रोनाइज्डने गोल्ड कप जिंकला. चारच आठवड्यांनी तो ग्रँड नॅशनलला, म्हणजे एन्ट्रीच्या लांब पल्ल्याच्या स्टीपलचेसला, उतरला, बीचर्स ब्रुक नावाच्या फेन्सवर पडला, उठला, स्वाराविना पुढे धावत राहिला आणि पुढच्या एका फेन्सवर मागचा पाय मोडून बसला. गोल्ड कप, मग लगेच दुसरी मोठी शर्यत, आणि त्यात मरण: हा क्रम मला डॉन रनच्या इतका जवळचा वाटतो की त्याकडे योगायोग म्हणून पाहता येत नाही.

अश्ववैद्य

सिंक्रोनाइज्डच्या निमित्ताने पुढे काय बदलले ते नोंदवते, म्हणजे माधुरीताईंच्या प्रश्नाला थोडी वस्तुस्थितीची जोड मिळेल. त्याच शर्यतीत अकॉर्डिंग टू पीट हा घोडाही मेला होता. २०१३ पासून ग्रँड नॅशनलच्या फेन्सच्या आतला लाकडी गाभा काढून तिथे दबणारा प्लास्टिकचा गाभा बसवला गेला आणि शर्यतीची सुरुवात पहिल्या फेन्सच्या जवळ आणली गेली, जेणेकरून घोडे तिथे कमी वेगाने पोहोचावेत. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ करण्यात आली.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रंगाचा बदल. घोड्याला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. लाल-हिरव्यातला भेद त्याला कळत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांवरच्या खुणांच्या पट्ट्या वर्षानुवर्षे नारिंगी होत्या, माणसाच्या डोळ्याला भडक, परंतु घोड्याच्या डोळ्याला गवतात आणि झाडोऱ्यात मिसळून जाणाऱ्या. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांच्या उड्या मोजून हे दाखवल्यावर २०२२ पासून त्या पांढऱ्या करण्यात आल्या. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी किती पिढ्या जाव्या लागल्या. या बदलांनी पडणे थांबलेले नाही, आणि तसे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

लीड्सची_माधुरी

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. माझे मत बदललेले नाही, तरी पट्ट्यांच्या रंगाची माहिती मला नवी होती. किल्केनीकर, होकार आपण देतो हे वाक्य तुम्ही शर्यतीच्या बाजूने असूनही लिहिलेत, त्याची मला कदर आहे.

पागेतला_पोर

माझे वडील पुण्यात सईस होते. पावसाळा लागला की मुंबईचे घोडे पुण्याला यायचे आणि आमचे घर पागेच्या वेळापत्रकाने चालायचे. मोठ्या घोड्यांच्या गोष्टींत मालक असतो, प्रशिक्षक असतो, स्वार असतो, परंतु पहाटे खरारा करणारा, दाणा घालणारा आणि पडल्याची बातमी आल्यावर रिकामे ठाण झाडणारा माणूस क्वचितच येतो. वडिलांकडचा एक घोडा सकाळच्या सरावात पाय मोडून गेला, तेव्हा ते कितीतरी दिवस त्याच्या ठाणात दुसरा घोडा बांधू देत नव्हते. डॉन रनचा स्वभाव कसा होता, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे. विजयांपेक्षा मला ते जाणून घ्यायला आवडेल.

किल्केनीकर

तुमच्या वडिलांविषयी वाचून बरे वाटले, आणि तुमची तक्रार खरी आहे. ती गोड घोडी नव्हती, हे तिच्याविषयी बोलणारा प्रत्येक जण सांगतो. मोठ्या हाडापेराची, हुकूमत गाजवणारी, कुणी पुढे गेलेले खपवून न घेणारी. गोल्ड कपमध्ये आघाडीसाठी ती जी भांडली तो स्वाराचा डाव कमी आणि तिचा स्वभाव जास्त होता. म्हणूनच टोनी मुलिन्सला वगळल्याचे लोकांना इतके लागले: तिच्याशी झटापट न करता तिला तिच्या मनाप्रमाणे धावू देण्याची हातोटी त्याच्याकडे होती.

बक हाउस, ज्याच्याशी पंचेसटाउनला तिची लढत झाली, तोही त्याच वर्षी पोटशूळाने गेला. एप्रिलमध्ये ज्या दोघांना पाहायला गर्दी लोटली होती, त्यांपैकी एकही पुढच्या हंगामात नव्हता.

रविवारची_महालक्ष्मी

वजनाच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, तरी काल रात्री ती शर्यत पुन्हा पाहिली. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना एक सुचवतो. बहुतेक जण शेवटची चढण तेवढी काढून पाहतात. त्याऐवजी दुसऱ्या फेरीतल्या पाण्याच्या खड्ड्यापासून पाहावे. तिथे ती चुकते आणि रन अँड स्किप पुढे जातो, तेव्हा ओनील तिला एक क्षण सावरू देतात आणि ती स्वतःहून पुन्हा त्याच्या बरोबरीला येते. शेवटच्या चढणीवर ती जे करते ते तिने आधी एकदा करून दाखवलेले असते, हे तिथून पाहिल्याशिवाय कळत नाही.